आंघोळीचा रकाना

कामाची खोड माणसाच्या अंगात मुरली की घरीही सुटत नाही. न्हावी लग्नाच्या पंगतीतसुद्धा समोरच्याचे कल्ले मापतो. पाणी शुद्ध करण्याच्या प्लँटवर अकरा वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेली बाई पोटच्या पोरीचं लॉगबुक ठेवते, यात म्हणून नवल काही नाही.

लॉगबुक म्हणजे साधी शंभर पानी वही. तिने पट्टी लावून उभ्या रेघा मारल्या होत्या आणि वर रकान्यांची नावं घातली होती: वेळ, दूध किती, शू, शी, झोप, अंगाचा ताप. सगळ्यात शेवटचा रकाना आंघोळीचा. त्यात किती वाजता घातली आणि पाणी किती गरम होतं, दोन्ही. पाणी मोजायला प्लँटवरचा थर्मामीटर होता. बाळाला भेट म्हणून कोणी झबली देतं, कोणी दुपटी. प्लँटच्या इनचार्जसाहेबांनी थर्मामीटर दिला होता. नवरा त्यावर दोन दिवस हसत होता.

नवराही त्याच प्लँटवरचा, पंपांचा मेकॅनिक. तिथे कोणाला खऱ्या नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. नवऱ्याच्या खिशात नेहमी चार-दोन वॉशर खुळखुळत असायचे म्हणून तो वॉशर. इनचार्जसाहेबांचा आवाज चार टाक्यांच्या पलीकडे जायचा म्हणून ते भोंगा, अर्थात पाठीमागे. आणि तिला सगळे काटा म्हणत, कारण मीटरचा काटा जिथे असेल तिथलाच आकडा ती लिहायची, केसभरही इकडेतिकडे नाही. बाकीचे ऑपरेटर जरा जवळपासचा, दिसायला बरा आकडा टाकायचे. ही टाकायची नाही. यावरून तिची भांडणंही झाली होती आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

बाळंतपण साथीच्या ऐन भरात आलं. दवाखान्यात शिरताना नाकात काडी घातली आणि तपासणी पॉझिटिव्ह निघाली. अंगात ताप नाही, साधी शिंक नाही, पण कागदावर आलं म्हणजे आलं. पोरगी जन्मली आणि तिच्या इवल्या टाचा तेवढ्या हिला दिसल्या. कोणीतरी तिला उचलून दाराबाहेर घेऊन गेलं. त्यानंतर नऊ दिवस आई एका मजल्यावर आणि लेक दुसऱ्या मजल्यावर. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, फोनवर एक झोपलेला चेहरा दाखवायचे. चौथ्या दिवशी दूध दाटून आलं, सातव्या दिवशी आटलं. कोणाची चूक होती म्हणावं, तर तेव्हा कोणालाच काही कळत नव्हतं. नियम सकाळी यायचे आणि संध्याकाळी बदलायचे.

दहाव्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या गेटवर डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या कोणीतरी एक गाठोडं तिच्या हातात दिलं. बोलल्यावर कळलं की बाई आहे. प्लँटवर चार्ज घ्यायचा तर आधीच्या माणसाबरोबर प्रत्येक मशीनपाशी जायचं, हात लावून बघायचं, मग सही करायची. इथे एक चिठ्ठी, एक दुधाचा डबा आणि हे गाठोडं. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही माझीच कशावरून? तो तिने तिथल्या तिथे गिळला. आई झालेल्या बाईने असं मनात आणायचं असतं का!

तीन दिवस नवरा घरी होता. मग त्याची आत जायची वेळ आली. साथ प्लँटमध्ये शिरू नये म्हणून माणसं एकवीस-एकवीस दिवस आतच राहायची. ऑफिसात खाटा टाकल्या होत्या, जेवण गेटवर यायचं. पंपांवर मुळात दोनच माणसं, त्यातला हा एक. दारात बॅग घेऊन त्याने विचारलं, "जाऊ ना मी?"

"जा की," ती म्हणाली. "पाणी बंद पडलं तर लोक हात कशाने धुतील?"

हे उत्तर सगळ्यांना फार आवडलं. त्याने ते आत जाऊन चार जणांना सांगितलं.

तिची स्वतःची आई दुसऱ्या गावी होती आणि रस्ते बंद होते. सासूबाई त्याच गावात, पंधरा मिनिटांच्या अंतरावर, पण सासऱ्यांची छाती कमजोर. बाहेरचं काही घरात नेणं म्हणजे विस्तवाशी खेळ. म्हणून सासूबाई रोज दुपारी एकला डबा घेऊन यायच्या, खालच्या पायरीवर ठेवायच्या आणि रस्त्यावर उभं राहून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघायच्या. बाई जन्मभर शिवणकाम केलेली, आता दिवसाला चाळीस मास्क शिवत होती आणि जीभ सुईसारखीच चालवत होती. "दाखव गं पोरगी," त्या खालून ओरडायच्या, "का मी डबेवाली म्हणूनच मरू?" मग ही पोरीला खिडकीत धरायची.

नवरा गेल्यावर तिने तीन दिवस एकटीने आंघोळ घातली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर निळा टब, डावा हात मानेखाली, उजव्या हाताने पाणी. पाणी छत्तीस पॉइंट आठ, सदतीस पॉइंट चार, एकदा अडतीस भरलं तर थंड घालून सारखं केलं. सगळं वहीत आहे.

पोरगी घरी आल्याच्या सातव्या दिवशी असाच डावा हात मानेखाली होता, पोरगी पाय मारत होती, आणि तिच्या मनात आलं: हात काढ.

एवढंच. कोणी कानात बोललं नाही. गॅस बंद करायचा राहिलाय असं मनात यावं, तसं सरळ, तिच्याच शब्दांत आलं. तिने पोरीला ओलीच उचललं, टॉवेलात गुंडाळलं, पाळण्यात ठेवलं. टब रिकामा केला आणि स्टुलावर चढून माळ्यावर पार मागे ढकलून दिला. मग जमिनीवर बसली. घडलं काहीच नव्हतं. पोरगी टॉवेलात रडून झोपूनसुद्धा गेली.

संध्याकाळी वही काढली तर आंघोळीचा रकाना रिकामा. प्लँटवर रकाना रिकामा सोडता येत नाही. सोडला तर शेजारी कारण लिहावं लागतं. मशीन बंद, वीज गेली, काय असेल ते. हे कारण लिहिण्यासारखं नव्हतं. तिने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग लिहिलं: अकरा वाजता, सदतीस. अकरा वर्षांतलं तिचं ते पहिलं खोटं रीडिंग.

दुसऱ्या दिवशी तिने पोरीला ओल्या फडक्याने पुसून काढलं आणि लिहिलं, अकरा, सदतीस. तिसऱ्या दिवशीही तेच. पोरगी स्वच्छ होती, दूध पीत होती, वजन धरत होती. आईचं मात्र बिनसत चाललं होतं. तो विचार टबापुरता राहिला असता तर टब माळ्यावर टाकून सुटता आलं असतं. तो तिच्याबरोबर घरभर हिंडायला लागला. खिडकीपाशी यायचा. जिन्यापाशी यायचा. ती जमिनीवर बसूनच दूध पाजायला लागली, म्हणजे पडायला खाली जागाच नको. दुपारी एकला पोरीला खिडकीपासून चार हात मागे धरायला लागली. "अगं, पुढे आण! मला छताचा पंखा दिसतोय फक्त!" सासूबाई खालून करवादायच्या. पोरगी झोपली की ती बाहेरच्या खोलीत जाऊन दाराला कडी घालायची आणि कडीकडे बघत बसायची. आत झोपलेल्या तीन आठवड्यांच्या जिवाला कोणापासून धोका होता? बाहेर बसलेल्या बाईपासून. म्हणून तीच स्वतःवर पहारा देत होती. पहारेकरी झोपत नसतो.

सांगायचं कोणाला? दर मंगळवारी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन यायचा. साथीमुळे घरी येणं बंद, म्हणून फोनवर दहा प्रश्न. हसू येतं का, झोप लागते का, उगाच रडू येतं का. प्लँटवर तपासणी कमिटी आली की कशी उत्तरं द्यायची, हे तिला पाठ होतं: आवाज मोकळा ठेवायचा, फार बोलायचं नाही, एखाद्या ठिकाणी "थोडंफार" म्हणायचं म्हणजे बाकीचं खरं वाटतं. शेवटचा प्रश्न असायचा, स्वतःला किंवा बाळाला काही इजा करावी असं मनात येतं का?

"छे हो, काहीतरीच!" ती हसायची.

"तुमच्यासारख्या सगळ्या असत्या ना, तर माझे अर्धे फोन वाचले असते," सिस्टर म्हणायची. भली बाई होती, दिवसाला साठ फोन करत होती.

हसली नसती तर काय झालं असतं, हे तिने मनाशी पक्कं ठरवलेलं होतं. गाडी आली असती. झाकलेली दोन माणसं जिना चढून आली असती आणि ते गाठोडं घेऊन मागच्या गेटने आत गेली असती. एकदा नेलेली पोर नऊ दिवसांनी मिळाली. दुसऱ्यांदा नेली तर ती परत मिळणार नव्हती. आणि ज्या बाईच्या मनात असलं येतं, तिला का म्हणून द्यावी? हे शेवटचं वाक्य तिचं तिलाच पटलेलं होतं आणि सगळ्यात वाईट तेच होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिने मूठ इतकी घट्ट झाकली होती की बोटं उघडेनाशी झाली होती.

नवऱ्याला ती रोज संध्याकाळी वहीच्या पानाचा फोटो पाठवायची. तो बघून म्हणायचा, "वा! काट्याची लेक, लॉग कसा शिस्तीत." आणि प्लँटभर दाखवत हिंडायचा. बाप माणूस, त्यात पोरीला तीनच दिवस बघितलेला. पान भरलेलं आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, असा त्याचा हिशेब. अकरा वर्षं काट्याचा आकडा कोणी परत तपासला नव्हता, मग नवरा कशाला तपासतोय?

पंधराव्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन वाजला. तिने नाव बघितलं. भोंगा! ज्या माणसाने अकरा वर्षांत तिला कधी घरी फोन केला नाही, तो साथीच्या दिवसांत करतो, म्हणजे नवऱ्याचं काही बरंवाईट झालं.

"वॉशर ठणठणीत आहे," साहेबांनी आधीच सांगून टाकलं. "दोन माणसांचं जेवतो. मी तुझ्या लॉगबद्दल फोन केलाय."

"माझ्या लॉगबद्दल?"

"काल त्याने मला सगळी पानं दाखवली. चौदा दिवसांची. मी म्हटलं बघू तरी." मागे पंपांची घरघर ऐकू येत होती. "आंघोळीच्या रकान्यात गफलत आहे."

"साहेब, माझ्या लॉगमध्ये गफलत नसते," ती म्हणाली. सवयीने म्हणाली.

"मलाही तसंच वाटत होतं. पहिले सहा दिवस बघ. छत्तीस पॉइंट आठ, सदतीस पॉइंट चार, एकदा अडतीस आणि पुढे 'थंड घातलं'. वेळ कधी साडेदहा, कधी सव्वाअकरा. खरं रीडिंग असंच असतं. सातव्या दिवसापासून सदतीस, सदतीस, सदतीस. आठ वेळा. अकरा वाजता, अकरा वाजता, अकरा वाजता. पाणी असं वागतं का गं?"

तिने वही ओढून रकाना बघितला.

"ते क्लोरीनचं रीडिंग खुर्चीत बसून लिहिणारं पोरगं कोणी पकडलं होतं? तूच ना? काय म्हणाली होतीस? सारखा आकडा म्हणजे माणूस जागेवरून उठलेला नाही."

"थर्मामीटर जरा..."

"थर्मामीटर मी दिलाय. त्याला पॉइंट आहे." साहेबांचा आवाज आधीच मोठा, त्यात पंप, फोन कानापासून लांब धरला तरी पुरला असता. "दूध खरं आहे. पंचावन्न, सत्तर, चाळीस, 'ओकली'. शी खरी आहे, एवढे रंग कोणी मनाने लिहीत नाही. तेवढी आंघोळ खोटी. आता एखाद दिवस आंघोळ नाही घातली म्हणून पोर काही मरत नाही. पण काटा खोटं लिहिते? मग मी वेळेचा रकाना बघितला. दर दोन-अडीच तासाला नोंद, दिवसा-रात्री, अक्षर एकच. झोपतेस कधी? सलग दोन ड्युट्यांनंतर मी कोणाला मीटरला हात लावू देत नाही, तू अकरा दिवस एकटी आहेस."

तिला वाटलं, फोन ठेवून द्यावा. ठेवला असता तर पुन्हा कोणी विचारलं नसतं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"कशाची? पाण्याची?"

"हो."

"खोटं. चौदा फूट खोल टाकीवरून तू फळीवरनं चालत जातेस, मी बघितलंय."

"हातांची," ती म्हणाली. "माझ्या हातांची, साहेब. ते सुटतील असं वाटतं. मुद्दाम."

भोंग्याचा एवढा हळू आवाज आजवर कोणी ऐकला नव्हता.

"यातलं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "तीन पोरं झाली, एकालाही मी आंघोळ घातली नाही. मला एवढंच कळतं की ऑपरेटर अनफिट झाला तर त्याला ड्युटीवर ठेवत नाहीत. आणि त्याला कामावरून काढतही नाहीत. रिलीव्हर देतात."

"सांगितलं की तिला परत नेतील."

"कोण नेतील? रिलीव्हर आला म्हणून प्लँट कधी त्याच्या नावावर झालाय का?" मग त्यांनी विचारलं, "रोज एक वाजता खाली कोण येतं?"

"सासूबाई. पण त्या वर नाही येऊ शकत. सासऱ्यांची..."

"ते त्यांना ठरवू दे. तू सांग. वॉशरला मी एक वाजेपर्यंत काही बोलत नाही. तोवर तू सांगितलं नाहीस, तर त्याला गेटबाहेर काढून तुझ्याकडे पाठवीन आणि पंपावर मी बसेन. मला पंपाची माहिती बेताचीच आहे, तेव्हा गावाचा विचार कर."

हे धमकीसारखं वाटलं तरी धमकी नव्हती. त्यांना मायेने बोलायची दुसरी रीत येत नव्हती.

एक वाजला. ती खिडकीत आली. सासूबाई खाली होत्या. फोन ही त्यांच्या दृष्टीने कपाटाइतकीच घरात ठेवायची वस्तू, त्यामुळे जे बोलायचं ते खिडकीतून रस्त्यावर. समोर औषधांच्या दुकानापुढे रस्त्यावर चुन्याने गोल आखलेले होते आणि एकेका गोलात एकेक माणूस उभा होता. आठ-दहा जण, तोंडं झाकलेली, कान उघडे. महिनाभर कोणाला काही ऐकायला मिळालेलं नव्हतं.

"दाखव गं पोरगी!"

"आई, वर या!"

"काय?"

"वर या!"

"अगं, वर कशी येऊ? यांच्या छातीचं ठाऊक आहे ना तुला? डबा ठेवलाय, गरम आहे तोवर खा!"

"मला तिला आंघोळ घालायची भीती वाटते!"

"मग नको घालूस! पुसून घे! आमच्या वेळी आठ-आठ दिवस..."

"तसं नाही, आई!" तिचा आवाज फाटला. रांगेतली दोन-तीन डोकी वर झाली. आता मागे फिरता येत होतं. पोरगी रडतेय म्हणून आत जाता आलं असतं. तिने खिडकीचा गज धरला. "माझ्या हातून तिला काहीतरी होईल! मनात येतं माझ्या! रोज येतं! मला माझा भरवसा वाटत नाही, आई! मला एकटीला ठेवू नका!"

दुकानदाराचा पुड्या देणारा हात तसाच राहिला. सासूबाई मान वर करून बघत होत्या. मास्कमुळे त्यांच्या तोंडावर काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. मग त्या दारात दिसेनाशा झाल्या. गुडघ्याचं दुखणं जुनं, दवाखान्याचा एक मजला चढायलासुद्धा त्या दोनदा टेकायच्या. त्या दिवशी तीन जिने न थांबता चढून आल्या. डबा पायरीवरच राहिला. रांगेतल्या कोणीतरी तो मागाहून दाराशी आणून ठेवला.

ती दार उघडून उभी होती. आता शिव्या मिळतील, नाहीतर गळ्यात पडून रडणं होईल, अशी तिची तयारी होती. सासूबाईंनी चपला बाहेर काढल्या, कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, धाप लागलेली असतानाच म्हणाल्या, "टब कुठे आहे?"

"माळ्यावर."

"माळ्यावर टब ठेवतं का कोणी? काढ."

त्यांनी पाणी कोपर बुडवून बघितलं आणि पोरीला टबात घेतलं. आधी पोरगी ओरडली, मग आठ दिवसांनी मिळालेल्या पाण्याला सरावली आणि पाय मारायला लागली. ती स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही हात काखेत दाबून उभी होती.

"तुम्हाला राग नाही आला?"

"येईल सावकाश. आत्ता टॉवेल दे."

"बाबांचं काय? तुम्ही आता चौदा दिवस घरी जाऊ शकणार नाही."

"त्यांना भात शिजवता येतो. नाही आला तर शिकतील. डाळ खालची शेजारीण देईल," सासूबाई पोरीच्या काखा पुसत म्हणाल्या. "छाती कमजोर आहे त्यांची, हात नाहीत."

पोरीला पुसून, पावडर लावून झोपवल्यावर त्यांनी हिला समोर बसवून जेवायला लावलं आणि सिस्टरला फोन लावायला सांगितला. मंगळवार नव्हता. सिस्टर म्हणाली, "हां बोला, सगळं छान ना?" आणि ही म्हणाली, "नाही." पुढचं सांगताना ती अडखळली, पण थांबली नाही. सिस्टर मध्ये एकदाच बोलली. "मी इतक्या वेळा विचारलं, आणि मला कळलं नाही," ती म्हणाली. मग तिने चार वाजताची डॉक्टरांची वेळ लावून दिली.

चार वाजता फोनच्या पडद्यावर एक थकलेल्या डोळ्यांची डॉक्टरीण आली. मास्कच्या वरचं तेवढं दिसत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये तीनदा विचारलं की आवाज ऐकू येतो की विचार येतो. विचार. तो आला की करावंसं वाटतं की घाबरायला होतं? घाबरायला होतं. इतकं, की टब माळ्यावर टाकला.

"हा आजार आहे," डॉक्टरीण म्हणाली. "बाळंतपणानंतर होतो, बऱ्याच जणींना होतो. या साथीत जास्त बघतेय मी. तुम्ही वाईट आई आहात म्हणून नाही झालेला. याला औषध आहे. गोळी देते, दर आठवड्याला आपण बोलायचं, आणि आज रात्री बाळाला दुसरं कोणीतरी दूध पाजेल, तुम्ही झोपायचं. सध्या एकटं राहायचं नाही. आवाज ऐकू आले, किंवा नुसती भीती न राहता करावंसं वाटायला लागलं, तर तेव्हाच्या तेव्हा फोन करायचा, वेळ बघायची नाही."

"बाळाला नेणार?"

"कुठे?" डॉक्टरणीला प्रश्नच कळला नाही. "तुमच्यापाशीच राहील की. घरात कोणी आहे ना आता?"

ती रडली. आवाज न करता, नाक पुसत, बराच वेळ. डॉक्टरीण थांबली. तिच्या पुढे अजून किती जणी ताटकळत होत्या देव जाणे, पण थांबली.

"आता थोडी माहिती भरायचीय," मग ती म्हणाली. "घरात आधी कोणाला बाळंतपणानंतर असा त्रास झाला होता?"

"नाही. आईला नाही, मावशीला नाही. बहीण मला नाहीच."

"मला झाला होता," मागून आवाज आला.

सासूबाई पोरीला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या, ढेकर काढायला पाठीवर थोपटत होत्या.

"तुम्ही आई का?" डॉक्टरणीने विचारलं.

"सासू."

"मग ते इथे येत नाही हो. रक्ताच्या नात्यातलं लागतं."

"न येऊ दे," सासूबाई म्हणाल्या. "पण लिहा. हिच्या नवऱ्याच्या वेळी. मी तेव्हा शिवणकाम करायची आणि घरातल्या तिन्ही कात्र्या मी शेजारणीकडे ठेवून आले होते. धार लावायला दिल्यात म्हणून सांगायची. चार महिने कात्रीशिवाय बसले. घरातले म्हणायचे, आळशी झाली. म्हटलं, म्हणोत." थोपटणारा हात थांबला नव्हता. "चौतीस वर्षं झाली."

"तेव्हा कोणाला सांगितलं होतं का?"

"आत्ता तुम्हाला सांगतेय."

तिने वळून बघितलं. हीच बाई रोज खालून पंखा दिसतो म्हणून करवादत होती. ती खुर्चीवर बाजूला सरकली, सासूबाईंना अर्धी जागा करून दिली आणि दोघी दिसतील असा फोन तिरका धरला.

डॉक्टरणीने घड्याळाकडे बघितलं, मग नवीन कागद ओढला.

"बसा, आजी," ती म्हणाली. "कितव्या दिवसापासून सुरू झालं होतं?"